रब्बींची शाळा

मोरावियाचे मुख्य रब्बीपद (ज्यू धर्मगुरूपद) सोडून सॅमसन राफाएल हिर्श १८५१ साली फ्रँकफुर्टच्या लहानशा सनातनी ज्यू मंडळाकडे आले आणि १८५३ मध्ये त्यांनी तिथे शाळा उघडली. त्यांचे सर्वांत मोठे धर्मकार्य हीच शाळा होय, असे माझे मत आहे. घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंच्या सक्तीच्या वेगळ्या वस्त्यांच्या, भिंती पडल्यावर ज्यू मुले जर्मन शाळांकडे वळत होती. नुसत्या प्रवचनांनी ती थांबणार नव्हती. म्हणून तोरा हा धर्मग्रंथ आणि हिब्रू यांच्या जोडीने गणित, विज्ञान, जर्मन साहित्य एकाच छपराखाली आले, आणि तेही मुलींसकट! १८५९ मध्ये कवी शिलरच्या जन्मशताब्दीला शाळेच्या समारंभात खुद्द रब्बींनीच भाषण केले.

ही तडजोड आहे, तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथाला वेळ अपुरा पडतो, हा पारंपरिक विद्वानांचा आक्षेप. तासिका मोजल्या तर तो खराच. पण पंडित घडवायला येशिवा, म्हणजे तालमूदच्या पाठशाळा, होत्याच. हिर्श यांना शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळणारे व्यापारी आणि डॉक्टर हवे होते, आणि त्यांची सोय दुसरे कोण करणार होते? १८७७ मध्ये त्यांनी मुख्याध्यापकपद मुलाकडे, मेंडेल यांच्याकडे सोपवले. नाझी राजवटीत शाळा बंद पडली. तोवर पोलंडमधल्या बेस याकोव्ह कन्याशाळांत हिर्श यांचे लेखन शिकवले जाऊ लागले होते.