घरचा धंदा : गिरगावची गच्ची ते मोहर्लीचं अंगण

धंदा म्हटलं की दुकान, पाटी आणि गल्ला डोळ्यांसमोर येतो. पण आपल्या महाराष्ट्रात कितीतरी संसार अशा धंद्यांवर चालले, ज्यांना यातलं काहीच नव्हतं. स्वयंपाकघर हाच कारखाना, ओसरी हेच दुकान आणि पोरांच्या शाळेच्या वेळा हेच कामाचं वेळापत्रक. बँकेत कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. अशा धंद्याचा अर्ज आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तारण काय?" ज्यांच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं त्या बायांनी धंदा कसा टिकवला, त्याचा थोडा इतिहास इथे सांगतो. त्यात मुंबईचं गिरगाव आहे, गिरणगाव आहे आणि आपल्या शेजारची मोहर्लीही आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री भरली ६,१९६ रुपये. हाच पुढे घराघरात पोचलेला ‘लिज्जत’. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपण पेपरात वाचलंच असेल.

यातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसरी एखादी मंडळी असती तर तिथेच विषय संपला असता. या बायांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. पावसाळाभर काम चालू राहिलं.

त्यांची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. पीठ शाखेत मळायचं. सकाळी प्रत्येकीने वजन करून घरी न्यायचं, आपल्या सवडीने लाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. पुन्हा वजन, तपासणी आणि लाटणावळ हातात. पोराला ताप असेल त्या दिवशी पीठ कमी न्यावं. नफ्यातोट्यात सगळ्या जणी भागीदार. काम घरातच व्हायचं, पण हिशेब घराबाहेर राहायचा. कुणाच्या लाटणावळीत सासऱ्याचा विड्यांचा खर्च मिसळत नव्हता!

आता गिरणगाव. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून हजारो गडी एकटेच येत. बायको-पोरं गावाला. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतल्या खानावळवाल्या बाया करत. एकच खोली; त्यातच चूल, त्यातच पोरांचा अभ्यास आणि त्यातच पाळीपाळीने बसणाऱ्या पंगती. पहिल्या पाळीच्या माणसाला पहाटे डबा हवा आणि रात्रपाळीवाल्याला उशिरा ताट हवं, मग त्या बाईच्या झोपेचा हिशेब कोण करणार?

खरी अडचण पैशाच्या फेऱ्याची होती. धान्य, तेल, रॉकेल आधी भरावं लागे आणि जेवणाऱ्यांचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. मधले तीस दिवस सावकाराचे किंवा वाण्याच्या उधारीचे. व्याज भरता भरता मंगळसूत्र गहाण पडायचं. बँकिंगच्या भाषेत हा धंदा नफ्यात होता, पण त्याला खेळतं भांडवल नव्हतं.

१९ जुलै १९६९ला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ साली गरिबांना ४ टक्के व्याजाने छोटं कर्ज देणारी योजना आली. पण योजना कागदावर असणं आणि खानावळवालीने बँकेची पायरी चढणं यात फार अंतर होतं. ते अंतर प्रेमा पुरव यांनी कमी केलं. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, कामगार चळवळीत काम केलेल्या या बाईंनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. खानावळवाल्यांचे गट केले. गटातल्या बाया एकमेकींच्या जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. सोनं नाही, घर नाही, तरी शेजारणीचा शब्द तारण म्हणून चालला. पुढे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने १९९२ साली सुरू केला, त्याच्या कितीतरी आधी हे घडलं होतं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबले, माणसं गावी परतली, उधाऱ्या तशाच राहिल्या. अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्याच राहिल्या नाहीत. ज्या खानावळीचं गिऱ्हाईक एकाच भोंग्यावर अवलंबून होतं, तिची चूल त्या भोंग्याबरोबर विझली. मंडळाने पुढे कचेऱ्यांना जेवण पुरवण्यासारखी कामं हाती घेतली, ती अशाच अनुभवातून.

हे सगळं मुंबईचं झालं. पण हाच धडा आपल्याकडे, जेमतेम तासाभराच्या वाटेवर, आज चालू आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. १९८६ला अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. मोहर्ली हे त्याचं मोठं प्रवेशद्वार. तिथल्या बायांची जुनी कमाई जंगलातली. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, वर्षभर सरपण आणायचं. वाकून वेचणाऱ्या बाईवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्या बातमीत मागे राहिलेली पोरं असतात.

म्हणून मोहर्लीत घराला जोडून एक-दोन खोल्या काढणं, पर्यटकांना घरचं जेवण देणं, याची किंमत नुसती रुपयांत मोजू नये. ज्या घरची बाई पहाटे मोहाखाली जाण्याऐवजी पाहुण्यांसाठी चहा ठेवते, त्या घराची काळजी किती हलकी होते! घरधनी गाईड किंवा जिप्सीवर, बाई चुलीपाशी. सकाळच्या सफारीहून परतलेल्यांना गरम नाश्ता, दुपारी वांग्याची भाजी-भाकर, आग्रह झाला तर सांभारवडी. पोरं तिथेच अंगणात. लिज्जतची सवड आणि खानावळीचं जेवण, दोन्ही एका घरात आले म्हणा ना.

पण बंद दिवस इथेही आहेत. मंगळवारी सफारी बंद. पावसाळ्यात तीन महिने कोअरचे दरवाजे बंद. २०२०च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा तर सगळंच बंद. गिरगावात पाऊस होता, गिरणगावात संप होता, मोहर्लीत फाटक आहे. घरचा धंदा चालू दिवसांत सगळ्यांना दिसतो, पण टिकतो की बुडतो हे बंद दिवसांत ठरतं. तेव्हा बाईच्या स्वतःच्या नावावर वेगळं खातं आणि त्यात हंगामातली शिल्लक असेल तर तीच तिची खाट आणि तोच तिचा स्टोव्ह. घरखर्चाच्या डब्यात धंद्याचे पैसे पडले की ते कधी संपले हे कळतही नाही. खोली नवऱ्याच्या नावावर, खातं नवऱ्याच्या नावावर आणि राबणं तेवढं बाईचं, अशी मांडणी असेल तर बँकेच्या लेखी ती धंदेवाली नसतेच. पुढचं कर्ज मागायला तिच्याकडे आपल्या कामाचा एकही कागद राहत नाही.

शेवटी आपल्या सोसायटीबद्दल. पंचवीस वर्षांत इथे डबे झाले, शिकवण्या झाल्या, ब्लाउज शिवले गेले, दिवाळीचा फराळ झाला. त्यातून पोरांच्या फिया भरल्या गेल्या. टाळेबंदीत ज्यांचं घर विलगीकरणात होतं, त्यांच्या दाराशी डबा कुणी ठेवला, हे आठवून बघा. आता घरगुती धंदे बंद करावेत असं वार्षिक सभेत अधूनमधून कुणीतरी बोलतं. लिफ्टचा वापर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, गॅस सिलिंडरची सुरक्षितता यांचे नियम जरूर करावेत आणि ते कडकपणे पाळावेत. पण दार बंद करू नये. प्रेमाताईंच्या खानावळवाल्यांना शेजारणीचा शब्द तारण म्हणून मिळाला होता. आपल्या मजल्यावरच्या ताईसाठी आपण निदान तेवढे शेजारी तरी व्हावं.