शरीराची तालीम आणि शरीराचे ज्ञान

एखाद्या राज्याने आपल्या रयतेवर मुले शाळेत धाडण्याची सक्ती केली, म्हणजे त्या मुलांच्या अक्षरज्ञानाबरोबरच, दिवसाचे पाच-सहा तास शाळेच्या खोलीत बसून राहणाऱ्या त्यांच्या शरीरांचेही दायित्व राज्याकडे येते, ही जाणीव हिंदुस्थानात ज्या दरबारी सर्वांआधी कृतीत उतरली तो दरबार बडोद्याचा होय. सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली येथे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला, 1906 साली ती सक्ती सबंध संस्थानाला लागू झाली, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, 1909 मध्ये, बडोदे शहरातील शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. आपल्या देशातील शालेय आरोग्यसेवेचा प्रारंभ सार्वजनिक आरोग्याचे ग्रंथ याच सालापासून मोजतात. या तिन्ही सालांचा अनुक्रम मला केवळ योगायोगाचा वाटत नाही. मूल जोवर आपखुशीने पंतोजीकडे जात होते, तोवर त्याची दृष्टी अधू आहे की कान फुटलेला आहे, ही घरच्यांची काळजी होती. पण हजेरीपटावर नाव घालणे हा जेव्हा कायदा झाला, तेव्हा फळ्यावरची अक्षरे न दिसणारा मुलगा वर्षानुवर्षे मंदबुद्धीचा ठरत राहावा, हा त्या कायद्याचाच दोष ठरला असता.

त्याच सुमारास त्याच शहरात शरीराची दुसरी एक विद्या आपल्या बळावर वाढत होती. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे आला होता. कुस्ती, मल्लखांब, लाठी ही आखाड्याची विद्या उस्तादाने शागीर्दाला हाताला धरून शिकवायची; शाळेत मात्र एका मास्तरासमोर शंभर-दोनशे मुले उभी असतात. माणिकरावांनी हा पेच ओळखला आणि देशी व्यायामप्रकारांना सांघिक रूप देऊन त्यांसाठी इंग्रजी हुकमांच्या जागी देशी आज्ञा योजल्या. शाळेच्या पटांगणावर आज जी कवाईत चालते, तिचे एक मूळ या उद्योगात आहे. म्हणजे डॉक्टर आणि उस्ताद हे दोघेही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकाच शहरात विद्यार्थ्याच्या शरीराकडे लक्ष देत होते. त्यांची गाठ पडती, तर आपल्या शालेय शिक्षणाचा पुढला इतिहास निराळा झाला असता, असे मी मानतो.

ही गाठ काही अंशी घालून देणारा पुरुष माणिकरावांच्याच शिष्यांत निघाला. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 साली डभोई येथे झाला. 1907 ते 1910 या काळात ते माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले, नर्मदाकाठी मालसर येथे माधवदास महाराजांकडून त्यांनी योगाची दीक्षा घेतली, खानदेशात अमळनेर येथे अध्यापन केले, आणि 1924 साली स्वामी कुवलयानंद या नावाने लोणावळ्यास कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. या चरित्राचे खरे मर्म बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात आहे. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे केवळ परंपरेच्या आधाराने सांगण्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी या क्रिया तेथे क्ष-किरणांखाली तपासून पाहिल्या, आतील दाबाची मापे घेतली, आणि जे दिसले ते छापून काढले. गुरूंविषयी अढळ श्रद्धा बाळगणारा साधक गुरूंनी दिलेली विद्या यंत्रासमोर नेतो, यात मला त्यांच्या श्रद्धेची न्यूनता दिसत नाही, बळ दिसते. शाळेच्या दृष्टीने तर हीच त्यांची मोठी देणगी होती. कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आज्ञेपेक्षा कारणाची भूक अधिक असते, आणि ‘हे आसन कर’ या वाक्याला जोडून ‘का’ याचे उत्तर देऊ शकणारा शिक्षक त्यांच्यापूर्वी शाळेला क्वचितच लाभला होता. 1936 साली त्यांनी ‘यौगिक संघ-व्यायाम’ हे पुस्तक काढले. ते शाळांसाठीच होते.

शाळेत व्यायाम आणण्याचे औंध संस्थानाचे उदाहरण वेगळ्या जातीचे. बहात्तर गावांच्या त्या लहानशा, बऱ्याच अंशी अवर्षणग्रस्त मुलखाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तरुणपणी सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ती पद्धत बाजूस सारून त्यांनी सूर्यनमस्कार पत्करले, नित्याचा परिपाठ ठेवला, आणि संस्थानातील शाळांतही नमस्कार सुरू केले. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. साधन फुकटचे, जागा सहा हातांची, आणि राजा स्वतः घाम गाळणारा, म्हणून रयतेला त्यात हुकमाचा काच कमी जाणवला असावा. तथापि, नमस्कार घातले की सर्व रोग दूर राहतात, हा जो विश्वास त्या प्रचारात होता, तो मला मान्य होत नाही. नारूच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या किंवा अर्धपोटी राहणाऱ्या मुलाला व्यायामाने मिळणारे संरक्षण अगदी तोकडे होते, आणि हे त्या मुलाला वर्गातच समजायला हवे होते.

1937 साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 1938 साली कांदिवली येथे व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. तिने माध्यमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक दिले, तासिकेला प्रतिष्ठा दिली. पण बडोद्याचा उस्ताद कांदिवलीपर्यंत पोहोचला आणि बडोद्याचा डॉक्टर मागेच राहिला. देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 साली शालेय आरोग्यसेवा हिंदुस्थानात जवळजवळ नाहीतच, असा निर्वाळा दिला; माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने 1953 साली माध्यमिक शाळांतील वैद्यकीय तपासणीवर पुन्हा भर दिला; 1960 साली आणखी एक समिती नेमावी लागली. दरम्यान अभ्यासक्रमात आरोग्य आले ते विज्ञानाच्या पुस्तकातला धडा म्हणून, आणि परीक्षेपुरते.

त्या धड्यात एक मोठी पोकळी होती, आणि ती नेमकी माध्यमिक वयाची होती. आठवी-नववीतल्या मुलीला ऋतुप्राप्ती होते, मुलाचा आवाज फुटतो. आणि अस्थिसंस्थेपासून पचनसंस्थेपर्यंत सर्व काही सांगणारे पुस्तक याच ठिकाणी मौन धरी. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, मृत्यूने गाठेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक एकहाती चालवून प्रौढ मराठी वाचकांसमोर लैंगिकतेचा हा विषय निर्भयपणे मांडला, खटले सोसले, दारिद्र्य सोसले. पण शाळेच्या उंबरठ्यावर तो विषय अडला तो अडलाच. 2007 साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम ज्या राज्यांनी नाकारला, त्यांत महाराष्ट्रही होता. हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो, कारण त्याची किंमत निर्णय घेणाऱ्यांनी मोजली नाही. ती मोजली त्या मुलींनी, ज्यांना आपल्या देहात काय चालले आहे हे भीतीतून कळले.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके पुन्हा शाळेच्या दारी येऊ लागली. फेब्रुवारी 2020 मध्ये आरंभिलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण घ्यावे आणि आहार, वयात येणे, मनःस्वास्थ्य, व्यसने यांविषयी विद्यार्थ्यांशी आठवड्यातून एक तास बोलावे, अशी योजना आहे. स्त्रीशिक्षिकेची ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या शाळेत ती बाई मुलींना वेगळे बसवून कुजबुजत न बोलता फळ्यावर आकृती काढून सर्वांसमोर समजावते, तिथे तो तास इतर विषयांना देऊन टाकण्याची सूचना मुख्याध्यापकांनी केली तर मुलेच हरकत घेतील.