दौंडच्या वाफेचं न्यूयॉर्कमधलं घर

आमच्या शिरूरला रेल्वे नाही. वाफेचं इंजिन पाहायचं तर दौंडला आजोबांकडे जायचं. १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड मार्गावर ते ड्रायव्हर होते. इंजिनं भंगारात गेली तेव्हा म्हणाले, "आता माझं शिकलेलं कुणाच्या कामाचं?"

पुढे मी न्यूयॉर्कला आले. जुन्या इमारतीतली खोली वाफेवर तापायची, तीही भट्टीसारखी. एका रात्री रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, तर पाइपात हातोडे पडायला लागले. घाबरून दौंडला फोन लावला.

"अगं, पाणी अडलंय," आजोबा लगेच म्हणाले. "गाडी हलवताना आम्हीसुद्धा कॉक उघडून सिलिंडरमधलं पाणी आधी काढायचो."

अगदी तेच होतं. अशा घरांत एकाच पाइपातून वाफ वर येते आणि तिचं झालेलं पाणी त्याच वाटेनं बॉयलरकडे परततं. व्हॉल्व्ह अर्धवट असला की पाणी तुंबतं आणि वाफ त्याला आदळते. म्हणून तो पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद. उष्णता आवरायची ती दुसऱ्या टोकाच्या छोट्या हवेच्या व्हॉल्व्हवर: आतली हवा बाहेर पडली नाही तर वाफ आत शिरत नाही.

एवढे मोठे रेडिएटर कशाला? १९१८च्या फ्लूच्या काळात मोकळ्या हवेवर भर होता. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी ठेवूनही खोली उबदार राहावी, या हिशेबानं ते बसवले जात. साथ सरली, रेडिएटर राहिले.

त्या रात्री मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, खिडकी किलकिली केली. आवाज थांबल्यावर आजोबांना पुन्हा फोन करून सांगितलं, "तुमचं शिकलेलं माझ्या कामाला आलं."