सोपा मासा आणि वॉरिंग्टन बापलेक

नव्याने मासे पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवातीला सोपा मासा कुठला? दुकानातलं उत्तरही ठरलेलं. काचेचा गोल बाउल, दोन गोल्डफिश, सोबत खाण्याची डबी. नाहीतर एकटा फायटर. पहिला आठवडा मजेत जातो. मग पाणी जरा धुरकट दिसायला लागतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, आणि एके दिवशी सकाळी एक जण उलटा तरंगताना सापडतो. घरातलं मोठं कुणीतरी म्हणतं, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." वास्तूच्या नावाखाली हा समज आपल्याकडे चांगलाच रुजलाय. रडणाऱ्या लहान मुलाला सांगायला वाक्य सोयीचं आहे, हे मान्य. पण त्यामुळे मासा नेमका कशाने मेला हे कुणी विचारतच नाही, आणि पुढच्या रविवारी त्याच बाउलमध्ये नवा मासा येतो.

मासा कशाने मरतो याचं उत्तर मिळायला एकोणिसाव्या शतकातली चाळीसेक वर्षं गेली. त्या उत्तराचे दोन महत्त्वाचे तुकडे एकाच घरातल्या बापलेकांनी शोधले, आणि ते तुकडे एकमेकांना जोडले जातात हे बापाला कधी कळलंच नाही.

बापाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत, तो रसायनतज्ज्ञ होता. १८४९ साली त्याने १२ गॅलनचं, म्हणजे साधारण ५४ लिटरचं एक काचेचं भांडं घेतलं. तळाशी वाळू आणि माती, त्यात व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती, आणि दोन गोल्डफिश. हिशेब साधा होता. मासे ऑक्सिजन घेतात, वनस्पती ऑक्सिजन देते, मग पाणी बदलायची गरजच काय? थोडे दिवस बरं चाललं. मग झाडाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर खाऊन टाकला, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

पुढचं वेड झपाट्याने पसरलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झालेली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉसचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात गेला. मासे, वनस्पती, गोगलगायी: तिघांचा तोल साधला की झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं.

यातला गोल्डफिश मात्र फसवा. चीनमध्ये सोंग राजवटीत तळ्यांमधून लालसर-सोनेरी मासे निवडून वाढवले गेले. पुढे त्यांना भांड्यांत ठेवायची रीत पडली, आणि सतराव्या शतकात ते युरोपात पोचले. इतक्या लांबचा प्रवास सगळेच मासे सोसत नाहीत. गोल्डफिश सोसतो, कारण त्याचं शरीरच तसं आहे. थंड पाण्यातला ऑक्सिजन संपत आला तर तो चक्क अल्कोहोल तयार करतो, कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो आणि तग धरतो. याचा अर्थ बाउल त्याला मानवतो असा नाही. तो सावकाश मरतो, एवढंच. सावकाश मरणाऱ्याला आपण सोपा म्हणत आलो. वास्तविक तो वीतभर आणि त्याहून मोठा होणारा, भरपूर खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा आहे. त्याची जागा तळ्यात आहे.

आता त्या घाणीबद्दल. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो. अमोनिया माशाला विष आहे. मग वॉरिंग्टनच्या भांड्यात तो गेला कुठे? थोडा झाडाने खाल्ला. बाकीच्याचं उत्तर १८७७ मध्ये फ्रान्समध्ये मिळालं, तेही सांडपाण्याच्या प्रयोगातून. श्लोझिंग आणि म्युंत्स या दोघांनी एक लांब नळी घेतली, तिच्यात वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून रोज गटाराचं पाणी सोडलं. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही. अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. मग नायट्रेट दिसायला लागलं, आणि हळूहळू अमोनिया नाहीसा झाला. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस थांबायचं कारण नव्हतं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम बंद पडलं. पुढे मातीचं थोडं धुवण ओतलं, तर पुन्हा सुरू. म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत होतं.

ही बातमी वाचून कामाला लागलेल्यांत इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेतकी केंद्रातला एक रसायनतज्ज्ञ होता. नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्याच वॉरिंग्टनचा मुलगा, वडिलांचंच नाव लावणारा. लंडनमधला तो प्रयोग झाला तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या डोक्यात मासे नव्हते, शेतातलं खत होतं. त्याने दाखवून दिलं की हे काम दोन टप्प्यांत होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जिवाणू वेगळे. ते जिवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने केलं. वडील १८६७ मध्येच गेले होते. आपल्या भांड्याच्या वाळूत कोण राबत होतं हे कळायच्या आत.

मला या गोष्टीतला सगळ्यात कामाचा आकडा तो वीस दिवसांचा वाटतो. नव्या टँकमधले मासे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरतात ते याच खिडकीत. लोणचं मुरावं लागतं तसं टँकचं पाणीही मुरावं लागतं. स्पंजचा फिल्टर लावा, मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाका, तीन-चार आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट मोजायची किट मिळते. दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, काम बरंच लवकर होतं. श्लोझिंगच्या मातीच्या धुवणाचंच काम ते. आणि तो स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेच करतं जे तिकडे क्लोरोफॉर्मने केलं होतं. टँकमधून काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घ्या. नवं पाणी घालताना अँटिक्लोरीनचे थेंब विसरू नका.

आणि मासा? फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून कपात ठेवला जातो. पण हवेतला श्वास अमोनियापासून वाचवत नाही. मला विचाराल तर झेब्रा डॅनिओ घ्या. तो आपल्याकडचाच. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर पुस्तक छापलं, त्यात याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. ओढे, भातखाचरांलगतचं उथळ पाणी, हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात कोमट, पावसात गढूळ. असल्या चढउतारांत वाढलेल्या माशाला आपल्या हॉलचं तापमान काहीच नाही, हीटर लागत नाही. अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगरने पेट शॉपमधून आणलेल्या याच माशांवर काम केलं, १८२२ च्या नोंदीतला हा मासा १९८१ मध्ये 'नेचर'मध्ये झळकला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. सोपा होता म्हणूनच.

दोन फुटी टँकला सहा-सात पुरेत. एकटा-दुकटा घेऊ नका, तो घोळक्यातला जीव आहे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. आणि झाकण ठेवाच, फार उड्या मारतात.