दूरनियंत्रित हेलिकॉप्टरमधील स्क्रूंचे बंधन

दूरनियंत्रित प्रतिकृती हेलिकॉप्टरमधील बारीक स्क्रू उड्डाणातील कंपनांनी सैल होऊ नयेत, यासाठी देखभालीच्या वेळी आट्यांमध्ये थ्रेडलॉकर हा द्रव लावला जातो. या प्रतिकृतींमध्ये प्रामुख्याने २ ते ३ मिलिमीटर व्यासाचे, षट्कोनी खाचेचे स्क्रू असतात. मुख्य पंखा मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेत असल्यामुळे पाते धरणारा एक स्क्रू निसटला, तरी पाते सुटून जवळच्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

स्क्रू सैल का होतो, याचे स्पष्टीकरण गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दिले. अक्षाला आडव्या दिशेने होणाऱ्या हालचालीमुळे आट्यांमधील घर्षण क्षणभर नाहीसे होते आणि स्क्रू थोडाथोडा उलटा फिरतो. अशा हालचालीपुढे स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग होत नाही.

थ्रेडलॉकर हा हवेच्या अभावी व धातूच्या संपर्कात घट्ट होणारा द्रव आहे. अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी तो १९५३ मध्ये विकसित केला. पुढे तो 'लॉकटाइट' या नावाने प्रसिद्ध झाला. आत हवा राहावी म्हणून त्याची बाटली मुद्दाम अर्धवटच भरलेली असते. अनेक ग्राहकांना ही फसवणूक वाटते, पण ती गरज आहे.

वापर

धातूच्या भागात बसणाऱ्या धातूच्या स्क्रूसाठी मध्यम ताकदीचा, बहुधा निळा, प्रकार पुरेसा ठरतो. लाल प्रकार सोडवण्यासाठी सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता द्यावी लागते, म्हणून बारीक स्क्रूंसाठी तो टाळतात. नव्या स्क्रूवर कारखान्यातील तेल असते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले नाही, तर बंध कच्चा राहतो. एक लहान थेंब पुरतो. जास्तीचा द्रव शेजारच्या बेअरिंगमध्ये झिरपल्यास ते जाम होते. स्क्रू काही मिनिटांत धरतो, मात्र पूर्ण ताकदीसाठी साधारण २४ तास लागतात. स्टेनलेस स्टीलवर हा वेळ वाढतो.

प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूंना हा द्रव लावू नये, कारण पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. पात्यांच्या बोल्टसाठी नायलॉनचे कडे असलेली नायलॉक नट वापरतात. कडे झिजले की ती बदलावी लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील पावसाळी दमट हवेत पोलादी स्क्रू गंजतात आणि खाच झिजून पाना घसरू लागतो. अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून बंध मऊ केल्यास तो बहुधा सुटतो.