पाणी येते, पाणी जाते

घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीला सकाळी नळ आला की आपण पिंपे भरून ठेवतो. हे पाणी कुठून येते असे विचारले, तर शाळकरी पोरसुद्धा सांगेल : तानसा, वैतरणा, भातसा. पण वाचकहो, मोरीतून गेलेले पाणी कुठे जाते, असे विचारले तर? आपल्यापैकी पुष्कळांना उत्तर देता यायचे नाही. याला कारण आहे. येणाऱ्या पाण्याचा विचार आधी आणि जाणाऱ्या पाण्याचा मागून, ही मुंबईची रीत फार जुनी आहे.

१८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. तलाव आपल्या उपनगरांच्या डोंगरांत, नळ मात्र दक्षिणेकडे गेले. पाणी आले खरे; पण वापरलेले पाणी बाहेर काढायला धड गटारे नव्हती. ते सखल जागी मुरू लागले, तुंबू लागले. मग भुयारी गटारे झाली, वरळीला लव्हग्रोव्हचे पंपिंग स्टेशन उभे राहिले, आणि मैलापाणी समुद्रात जाऊ लागले. बेटावरच्या शहराला समुद्र शेजारी. सोडले की सुटलो! पाण्यासाठी मात्र दरवेळी आणखी दूर जावे लागले. तुळशी १८७९, तानसा १८९२, वैतरणा १९५७. आणायचे कोसाकोसांवरून आणि एकदा वापरून फेकायचे, असा हा व्यवहार!

या मैलापाण्याचा उपयोग होतो, हे कुणाला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांचे नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. याच ॲक्वर्थांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. तिथले मैलापाणी शेतीला देत. पुढे १८९७ च्या सुमारास बंद टाकीत मैला कुजवून त्यातून निघणारा वायू धरण्यात आला आणि त्यावर इंजिन चालवले गेले. इंग्लंडातल्या एक्झेटर गावी अशा टाकीचा प्रयोग नुकताच झाला होता. म्हणजे आपण काही जगाच्या मागे नव्हतो.

पुढची पायरी दादरची. १९३७ च्या सुमारास तिथल्या मैलाशुद्धीकरण केंद्रात गाळापासून वायू निघत होता. ते पाहून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतले देसाई यांनी शेणावर प्रयोग आरंभले. जशभाई पटेलांनी पुढे सुटसुटीत संयंत्र तयार केले आणि विलेपार्ल्याच्या खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. खेड्यातल्या गोबर गॅसच्या चुलीचे एक मूळ असे मुंबईच्या गटारात आहे!

आता उपनगरांकडे वळू. १९५० मध्ये अंधेरीपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख महापालिकेत आला. इथे शहराची जुनी युक्ती चालेना. आपल्या एका बाजूला मालाडची खाडी, दुसऱ्या बाजूला ठाण्याची. खाडीचे पाणी उथळ. ओहोटीला जे जाते त्यातले बरेचसे भरतीला परत दाराशी येते. वरळी आणि वांद्र्याला सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे समुद्राखालून नेऊन मैलापाणी खोल पाण्यात सोडता आले. खाडीकाठच्या वस्तीला मात्र आधी शुद्धीकरण, मग विसर्जन, याखेरीज गत्यंतर नव्हते.

म्हणून १९९५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या योजनेत वर्सोवा, घाटकोपर व भांडुप इथे मोठी तळी बांधली गेली. त्यांचे काम समजायला सोपे आहे. आधी जाळ्या लावून चिंध्या-कचरा अडवायचा, मग रेती बसू द्यायची. पुढे तळ्यात यंत्रांनी पाणी घुसळून हवा मिसळायची. हवेतल्या प्राणवायूवर जंतू पोसतात आणि मैला खाऊन टाकतात. या रीतीला यंत्रे थोडी लागतात, पण जागा फार लागते. आणि मुंबईत जागेइतके महाग दुसरे काय आहे? मँचेस्टरला १९१४ मध्ये शोधलेल्या रीतीत जंतूंनी भरलेला गाळ पुन्हापुन्हा टाकीत फिरवतात. तिला जागा थोडी पुरते, पण वीज सतत हवी आणि जाणती माणसे हवीत. केंद्राचा आराखडा आखणाऱ्याला हाच हिशेब मांडावा लागतो : जागा किती, वीज किती, गाळाचे काय करायचे, आणि मुख्य म्हणजे शुद्ध झालेले पाणी घेणार कोण?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चेंबूरला सापडते. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याने २००० च्या सुमारास महापालिकेचे मैलापाणी घेऊन ते शुद्ध करायला सुरुवात केली. रोज सुमारे सव्वादोन कोटी लिटर घ्यायचे आणि त्यातले दोन-तृतीयांश यंत्रांना चालेल इतके स्वच्छ करून वापरायचे. पुढे नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला मिळू लागले. तेवढे धरणाचे पाणी वाचले.

आता नवी पर्वणी आली आहे. मालाड, वर्सोवा, भांडुप, घाटकोपर, वांद्रे, धारावी आणि वरळी अशा सात केंद्रांची पायाभरणी १९ जानेवारी २०२३ रोजी झाली. त्यांची मिळून क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर. सगळ्या धरणांतून मुंबईला रोज येणारे पाणी चारशे कोटींच्या आत-बाहेर आहे, हे ध्यानात घ्या, म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल. २००९ साली पाऊस रुसला आणि आपण पाणीकपात सोसली. त्या वर्षीसुद्धा गटारांतून वाहणारे पाणी कोट्यवधी लिटरच होते!

केंद्रे बांधून खाड्या स्वच्छ होतील, हे थोडे नाही. पण शुद्ध पाणी बागांना, बांधकामांना आणि कारखान्यांना पोचवणारे वेगळे नळ त्याबरोबर घातले नाहीत, तर ते चांगले पाणी पुन्हा खाडीतच जाईल. विहारच्या वेळी नळ आधी आला, गटार मागून. आता केंद्र आधी आणि नळ मागून, असे होऊ नये. तेव्हा आपल्या नगरसेवकाला नव्या धरणाबद्दल विचाराल, तेव्हा हाही प्रश्न अवश्य विचारा : आमच्या मोरीतले पाणी स्वच्छ होऊन जाणार कुठे?