डोंगरीचं कापड

लंडनमधल्या हॅरोच्या सेंट अ‍ॅन्स रोडवरच्या दुकानांत लहान मुलांच्या कपड्यांमध्ये एक विजार हमखास टांगलेली असते. छातीपर्यंत चढणारी, खांद्यावरून पट्टे आलेली. तिला इथे ‘डंगरीज’ म्हणतात. नातवाचं माप घेऊन आलेले मराठी आजी-आजोबाही हा शब्द सहज वापरतात. तो मुंबईच्या मशीद बंदराशेजारच्या डोंगरीतून निघाला आहे, हे त्यांना सांगितलं तर आधी हसतील. डोंगरी म्हटलं की आपल्याला आठवतो तुरुंग. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर तिथे 101 दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. कापडाचा विचार त्यात कुठून येणार?

आज डंगरी म्हणजे शिवलेला कपडा. मूळ डंगरी मात्र कापड होतं: जाडंभरडं, सुती, बहुधा निळीत बुडवलेलं. शिडं, तंबू आणि खलाशांचे कपडे त्याचे होत. विणीच्या हिशेबाने ते अगदी साधं. बाण्याचा (आडवा) धागा ताण्याच्या (उभ्या) एका धाग्यावरून जातो, पुढच्याखालून. मलमल अशीच विणतात, खादी अशीच आणि मांजरपाटही असाच. सगळा फरक सुताची जाडी, त्याचा पीळ आणि बाणा किती ठोकून बसवला यांत आहे. म्हणून एकाच विणीतून एकीकडे अंगठीतून निघणारं वस्त्र होतं, तर दुसरीकडे वाऱ्याला अडवणारं शीड. कापडाची प्रत विणीवरून ठरते असं समजणाऱ्यांनी ही दोन कापडं शेजारी ठेवून पाहावीत.

जीन्सची गोष्ट निराळी. तिची वीण तिरकी. बाणा ताण्याच्या तीन धाग्यांखालून जातो आणि एकावरून येतो. पुढच्या ओळीत हा क्रम एका धाग्याने सरकतो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. धाग्यांच्या गाठीभेटी कमी झाल्या की ते जास्त दाटीने बसवता येतात. कापड जड होतं, तरी लवतं. फाडू गेलं तर धागे सरकून एकत्र येतात आणि जोर वाटून घेतात. जीन्सच्या या कापडात, म्हणजे डेनिममध्ये, ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून उजवी बाजू निळी आणि उलटी फिकट. निळीचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, त्यामुळे गुडघ्यावर घासलं की आतलं पांढरं दिसू लागतं. ज्याला लोक आज फॅशन म्हणून पैसे मोजतात, ती मुळात रंगाऱ्याची अडचण.

इंग्रजीत डंगरीची जुनी नोंद 1613 ची आहे, आणि ती मुंबईतली नाही. कॅप्टन जॉन सॅरिस ‘क्लोव्ह’ नावाचं जहाज घेऊन जपानकडे निघाला होता. वाटेत मोलुक्का बेटांवर तो कापड देऊन लवंग घेत होता, आणि कोणत्या कापडाला किती लवंग मिळते याचा भाव त्याने लिहून ठेवला. भडोचच्या एका कापडाला 6 कॅटी (तिकडचं वजनाचं माप) लवंग, तर डंगरीतल्या उत्तम मालाला 12. जाडंभरडं म्हणून पुढे ज्याला नाक मुरडलं गेलं, त्यातला चांगला माल त्या बाजारात दुप्पट भावाने जात होता. मुंबई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. ती इंग्रजांना आंदण देण्याचा करार व्हायला अजून 48 वर्षं होती.

हे कापड डोंगरीत विणलं जात होतं का? कोशकार त्याचा संबंध हिंदी ‘डुंगरी’शी लावतात आणि पुष्कळ जण तिथून मुंबईच्या डोंगरीपर्यंत पोचतात. मला वाटतं, डोंगरी ही विकण्याची, जहाजावर चढवण्याची जागा असावी. माग दुसरीकडेच चालत असतील. कालिकतचं नाव कॅलिको या सुती कापडाला लागलं तेही ते बंदर होतं म्हणूनच. विणकराच्या गावापेक्षा व्यापाऱ्याचा धक्का कापडाला नाव देतो, हा अन्याय जुनाच आहे. डोंगरीला जिच्यावरून नाव पडलं ती टेकडीही पुढे राहिली नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने तिथूनच इंग्रजांवर तोफा डागल्या होत्या. तो धडा लक्षात ठेवून इंग्रजांनी ती सपाट केली आणि 1769 मध्ये तिथल्या किल्ल्याच्या जागी फोर्ट जॉर्ज बांधला.

ब्रिटनमध्ये लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी हिंदी सुती कापडाविरुद्ध एवढा गिल्ला केला, की 1721 च्या कायद्याने छापील आणि रंगीत कॅलिको वापरायलाच बंदी आली. त्या कायद्यात एक पळवाट होती: सगळंच्या सगळं निळं रंगवलेलं कॅलिको चालेल. खलाशी आणि कामकरी यांचं कापड कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हतं, असं मी यावरून समजतो. पुढच्या शतकात न्यू साउथ वेल्समधल्या गरीब शेतकऱ्यांना ‘डंगरी सेटलर’ हे नाव पडलं, कारण त्यांच्या अंगावर हेच निळं हिंदुस्थानी कापड असे. नाव ठेवण्यातला कुत्सितपणा लपत नाही.

1873 मध्ये लीव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांना तांब्याच्या रिपिटा मारण्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर कामाच्या कपड्यांत तिरक्या विणीने साध्या विणीला मागे टाकलं. डंगरी हे कापड बाजूला पडलं आणि नाव कपड्याला चिकटलं. दुसऱ्या महायुद्धात विमेन्स लँड आर्मीच्या मुली डंगरीज घालून ब्रिटनची शेतं कसत होत्या. पंतप्रधान चर्चिल हॅरो स्कूलचे विद्यार्थी. त्यांनीही कामगारी थाटाचा अखंड सूट अंगीकारला, पण तो मखमलीचाही शिवून घेतला. मखमलीत ताणाबाण्याखेरीज तिसरा धागा लागतो. त्याचे फास कापून लव काढतात. कामगाराच्या पोशाखाला इतकं महाग कापड क्वचितच लाभलं असेल. त्याच शाळेत 1905 ते 1907 शिकलेले नेहरू पुढे खादीकडे वळले, म्हणजे पुन्हा साध्या विणीकडे.

आपल्याकडे हा शब्द ब्रिटिश लष्कराच्या आणि रेल्वेच्या वाटेने घरी परतला आणि ‘डांगरी’ झाला. गॅरेजमधला मिस्त्री ग्रीसने माखलेल्या अखंड पोशाखाला डांगरीच म्हणतो. ती आता बहुतेक वेळा पॉलिएस्टर मिसळलेल्या तिरक्या विणीच्या कापडाची असते. अहिल्यानगरला भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचं केंद्र आहे. रणगाड्यात उतरणारे तिथले जवान डांगरीच घालतात, फक्त काळी.